सांता मोनिकाची नामसूची: दोन्ही पेट्या पुन्हा रिकाम्या

मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते की जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या जोगिणींच्या, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींच्या, नावांची कार्डे 'म' अक्षरापर्यंत लावून झाली आहेत आणि चतुर्थीपूर्वी सूची पूर्ण होईल. चतुर्थी होऊन गेली. गेल्या रविवारी मी दोन्ही पेट्या जमिनीवर उलट्या केल्या, आणि आता सगळे काम नव्याने मांडावे लागणार आहे.

शंका आली ती १०० या आकड्यामुळे. आर्चबिशप आलेइशु द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये हा मठ स्थापला, तेव्हा पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखात स्त्रियांसाठी दुसरा मठ नव्हता. पुढे जोगिणींची संख्या १०० वर बांधली गेली. श्रीमंत घरांतील मुली आणि त्यांच्यासोबतची संपत्ती मठात जाते, ही नगरपरिषदेची म्हणजे सेनादोची जुनी तक्रार होती, आणि या मर्यादेवरूनही वाद झाले. माझ्या पेटीत मात्र एकाच काळात हयात असलेल्या जोगिणी शंभराच्या बऱ्याच वर निघाल्या. सेनादोची तक्रार खरी मानायची की माझी मोजणी खोटी, या प्रश्नावर मी तीन आठवडे घालवले.

मोजणीच खोटी होती, हे एका लग्नात उमगले. फोंड्याला भाच्याच्या लग्नात नव्या सुनेचे नाव ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिले जात असताना शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आता हिला माहेरच्या नावाने शोधणारा चुकणार." मी कुलवृत्तान्ताचे काम पंधरा वर्षे केले आहे, माहेरचे आणि सासरचे नाव अशी दोन कार्डे करून ती दोऱ्याने बांधायची, ही रीत मला पाठ आहे. तरीही मठाच्या बाबतीत ती मला सुचली नव्हती.

चूक अशी होती की मी नावातील शेवटचा शब्द आडनाव समजून त्यावर कार्डे लावली होती. स्थापनेच्या वेळच्या पहिल्या जोगिणींत दोना फिलिपा फेरैरा ही विधवा आणि तिची मुलगी होती. व्रत घेतल्यावर आई फिलिपा दा त्रिंदादे झाली, म्हणजे 'त्रैक्याची फिलिपा', आणि मुलगी मारिया दो एस्पिरितु सांतु, म्हणजे 'पवित्र आत्म्याची मारिया'. माझ्या पेटीत फिलिपा 'फ' खाली एकदा आणि 'त' खाली पुन्हा एकदा बसली होती, मुलगी भलत्याच कप्प्यात पडली होती, आणि आई-मुलीचे नाते कुठल्याच कार्डावर उरले नव्हते. आपल्या नववधूचे पहिले नावही बदलते. इथे बाप्तिस्म्याचे पहिले नाव टिकले आहे आणि गेले आहे ते घराण्याचे नाव. म्हणून कार्ड लावायचे ते पहिल्या नावावर, आणि मठातील नाव कोपऱ्यात लाल शाईने.

हा आनंद एका संध्याकाळपुरताच टिकला, कारण पहिल्या नावावर लावताच 'मारिया'चा गठ्ठा विटेएवढा झाला. त्यातल्या मारिया दे जेझुस हिच्यासारख्या काही ओळखू येतात, कारण तिच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्याची ख्याती होती. पण शांतपणे प्रार्थना करून वारलेल्या बाकीच्या मारियांना वेगळे करायला खूण नाही. व्रताचे वर्ष हा तिसरा आधार लावून पाहिला, तर निम्म्या कार्डांवर वर्षच नाही. काळ्या बुरख्याच्या आणि पांढऱ्या बुरख्याच्या जोगिणी वेगळ्या केल्यावर मात्र गठ्ठा जरा हलका झाला, आणि वरच्या दर्जाच्या काळ्या बुरख्याकडेच तपशील अधिक आहे हेही दिसले.

साधनांविषयी दोन शब्द. १६९९ मध्ये लिस्बनला छापलेल्या मठाच्या इतिहासाचे छायांकित पान संगणकाकडून वाचवून घेण्याचा नाद सोडा; जुन्या छपाईतला लांब 's' तो 'f' समजतो आणि 'सांता'ची 'फांता' करून टाकतो. डोळ्यांनी वाचणे संथ असले तरी स्वस्त पडते. म्हापशाच्या एका दुकानातून घेतलेली जाड कार्डे पावसाळ्यात फुगून एकमेकांना चिकटली, तेव्हा यापुढे गुळगुळीत कार्डे आणि डब्यात तांदळाची पुरचुंडी. (बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ याच मठातल्या ज्या सोर, म्हणजे सिस्टर, बिबियानाने प्रथम केला असे सांगतात, ती या दोन्ही पेट्यांत नाही, हे घरी सांगितल्यावर कोणालाही वाईट वाटले नाही.)

हे लिहिता लिहिताच वाटू लागले की मी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली. १८३४ च्या पोर्तुगालमधील फर्मानानंतर गोव्यातील पुरुषांचे मठ बंद झाले; सांता मोनिकाच्या जोगिणींना हयातभर राहू दिले, पण नवी दीक्षा थांबली. त्यानंतरचा समुदाय घटतच गेला आणि १८८५ मध्ये शेवटची जोगीण वारल्यावर मठ संपला. म्हणजे या ५१ वर्षांत एकही नवे कार्ड उघडायचे नाही, प्रत्येक कार्ड फक्त बंद होत जायचे. हा लहानसा, बंदिस्त समुदाय आधी घेतला, तर कोणती मारिया कोणत्या वर्षी गेली हे मागे मागे जात ओळखता येईल, आणि शंभरची मर्यादाही आड येणार नाही.

तेव्हा १६०६ चा कप्पा कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. पुढच्या मंगळवारी पणजीला पुराभिलेखागारात जाऊन १८३४ नंतरच्या मृत्युनोंदी मागणार आहे. ज्यांनी इतर मठांच्या पांढऱ्या बुरख्याच्या नोंदी लावल्या आहेत, त्यांनी कप्प्यांचा क्रम कसा ठेवला ते कळवावे. मी तूर्त पेन्सिलीने लिहीत आहे.