.४५८चा दस्ता

मोठ्या बोअरची रायफल हातात आली की लोक आधी नळीत डोकावतात. मी आधी दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, बघतो. टँग म्हणजे लोखंडाची मागची निमुळती शेपटी; तिच्या मागे, मूठ धरतो त्या जागी, बारीक चीर गेली आहे का ते तपासतो. ही सवय मला एका शनिवारच्या कामाने लावली.

मी टूलरूमचा माणूस. भोसरीत डाय-मोल्डवर हात बसला, आता कोलोरॅडोत तेच काम करतो. इथे आल्यावर बंदुकीच्या कामाची ओढ लागली. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक बनवायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे हौस म्हणून हे शिकायचा प्रश्नच येत नाही. इथे मूळ नंबर असलेली जुनी ॲक्शन (नळीच्या मागचा, बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) घेऊन स्वतःसाठी शिकारीची रायफल बांधता येते, आणि ही विद्या रीतसर शिकवलीही जाते. कोलोरॅडोतल्याच ट्रिनिडाड गावच्या कॉलेजात दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच गनस्मिथिंगचे वर्ग सुरू झाले. पी. ओ. ॲकली यांच्यासारखा जाणकार तिथे शिकवत होता. माझे गुरू त्याच कॉलेजात शिकलेले. वयस्कर, मोजकं बोलणारे. शनिवार-रविवार मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली काम करायचो आणि उरलेल्या वेळात माझी रायफल बांधायचो.

ॲक्शन चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नोची, जुन्या व्हीझेड-२४ माउझर रायफलची. कॅलिबर .४५८ विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे गोळीची जाडी .४५८ इंच. १९५६ साली आलेल्या या काडतुसाची केस, म्हणजे पितळी नळकांडं, अडीच इंचांचीच, त्यामुळे नेहमीच्या लांबीच्या ॲक्शनमध्ये ते मावतं. .३७५ हॉलंड अँड हॉलंडसारखं लांब काडतूस घ्यायचं तर ॲक्शन बरीच कापावी लागते. गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला ६०० मीटरच्या वर. खांद्याला बसणारा धक्का शिकारीच्या नेहमीच्या .३०-०६ रायफलच्या जवळजवळ तिप्पट. नळी बसवणं, गेज लावून हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला मिळणारी जागा) तपासणं हे सगळं गुरूंच्या नजरेखाली झालं. लेथवर आयुष्य गेल्याने मला ते जड गेलं नाही. लाकडाचं काम मात्र मला नवीन होतं.

त्या शनिवारी एक गिऱ्हाईक .४५८च घेऊन आलं. दस्ता टँगपासून मागे मुठीपर्यंत चिरलेला. "लाकूडच भिकार निघालं," असं त्याचं म्हणणं. गुरूंनी रायफल माझ्याकडे सरकवली, दिवा जवळ ओढला आणि म्हणाले, "खोल, आणि कारण शोध."

दोन्ही स्क्रू काढून लोखंड वर उचललं. माउझरच्या ॲक्शनखाली पुढच्या बाजूला एक लग, म्हणजे खाली आलेला लोखंडी ठोकळा, असतो. धक्क्याचा सगळा जोर त्या लगाच्या मागच्या तोंडाने लाकडावर द्यायचा असतो. इथे लगाच्या घराची मागची भिंत बघितली तर खालचा एक कोपरा तेवढा दाबून चकचकीत झाला होता. बाकी भिंतीवर जुनं तेल आणि धूळ थापलेली. तिथे लोखंड कधी टेकलंच नव्हतं. मग टँगचं घर बघितलं. शेवटच्या टोकाला लाकडाचे तंतू चेचून काळे झाले होते. म्हणजे लग टेकत नव्हता म्हणून ॲक्शन मागे सरकत होती, आणि मागे निमुळती होत जाणारी टँग ओंडक्यात पाचर ठोकावी तशी प्रत्येक बारासरशी मुठीत घुसत होती. लाकडाचे रेषे बघितले तर मुठीतून सरळ गेलेले. अक्रोड उत्तम होता. दस्ता कोरणाऱ्याने लगाकडे नीट लक्ष दिलं नव्हतं, एवढंच.

मी हे सांगितल्यावर गुरूंनी नुसती मान हलवली आणि माझा दस्ता टेबलावर ठेवला.

ब्ल्यू मारणं, म्हणजे निळा रंग लावून लोखंड कुठे टेकतं ते बघणं, मला नवीन नाही. मोल्डचे दोन भाग ब्ल्यू लावून जुळवायचे, उंच जागा घासायच्या, डाग सगळीकडे सारखा येईपर्यंत सोडायचं नाही, हे अंगात मुरलेलं. इथेही तोच प्रशियन ब्ल्यू. लगाला हलका हात द्यायचा, ॲक्शन घरात बसवून हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकायची, उचलायची, आणि जिथे निळं उमटलं तिथलाच पापुद्रा स्क्रेपरने काढायचा. फरक एवढाच, की इथे सगळीकडे टेकवायचं नसतं. इपॉक्सी भरण्याआधी गुरूंनी लगाच्या पुढच्या तोंडाला, दोन्ही बाजूंना आणि खाली टेप लावायला लावली. मागचं तोंड तेवढं उघडं. टेप काढल्यावर तीन बाजूंना फट राहते आणि मागची भिंत मात्र पूर्ण टेकते. टँगच्या मागे त्यांनी व्हिजिटिंग कार्ड घालून फिरवून बघितलं. कार्ड अडकलं तेव्हा म्हणाले, "अजून काढ." त्याखेरीज नळीखाली दुसरा लग, आणि मॅगझिनच्या पुढे-मागे उरलेल्या पातळ लाकडातून एकेक आडवा बोल्ट. या धक्क्याला ते हवेतच.

गिऱ्हाइकाच्या दस्त्याची चीर थोडी उघडून आत इपॉक्सी उतरवलं, सायकलच्या ट्यूबने आवळलं, लग नव्याने बसवला, टँग मोकळी केली. नवा दस्ता करायची गरज पडली नाही. मला याचा फार आनंद झाला, कारण इतका चांगला अक्रोड दोष नसताना फेकला गेला असता.

पुढे माझी रायफल रेंजवर नेली. पहिला बार जुन्या टायरला बांधून, लांबून दोरी ओढून काढला. केस तपासली, ठीक होती. मग खांद्याला लावून बरेच बार काढले. परत येऊन त्याच दिव्याखाली उघडली. लगाच्या मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा डाग होता. टँगमागे कार्ड मोकळं फिरलं.

आता चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी दस्त्यावर आडव्यातिडव्या बारीक रेघा कोरणं, राहिलंय. इंचाला २० रेघांचं हत्यार गुरूंनी दिलंय, आणि त्यांचा हुकूम आहे की माझ्या दस्त्याला हात लावण्याआधी अक्रोडाच्या टाकाऊ तुकड्यावर त्यांना पटेल असा एक नमुना काढून दाखवायचा.