पंपापाशी कोण होतं?

2019च्या पावसाळ्यातली गोष्ट. वाशीच्या आमच्या भाषांतराच्या ऑफिसात एका अपघाताचे कागद आले. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातला रासायनिक कारखाना, ऑपरेटरच्या हातावर कातडी भाजणारं कॉस्टिक उडालेलं. अपघातात जखमी झालेल्याला 48 तास किंवा जास्त काम करता आलं नाही, की कारखाने अधिनियम, 1948च्या कलम 88प्रमाणे तेव्हा कळवावं लागे. त्याच फायलीतल्या ऑपरेटरच्या जबाबाची इंग्रजी प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयाला हवी होती. भाषांतर नव्या सहकाऱ्याचं, तपासणी माझी.

एका वाक्यापाशी मी अडले: ‘व्हाइल चेकिंग द पंप, द सुपरवायझर ओपन्ड द व्हॉल्व्ह.’

स्पेलिंग ठीक, काळ ठीक. पण इंग्रजीत अशा ‘चेकिंग’ला स्वतःचा कर्ता नसला, की स्वल्पविरामानंतरचा कर्ता त्याला चिकटतो. म्हणजे पंप तपासला सुपरवायझरने, व्हॉल्व्हही त्यानेच उघडला. मग भाजलेला माणूस तिथे कशाला गेला होता, असं वाचणारा विचारणारच.

मूळ जबाब काढला: ‘पंप तपासताना सुपरवायझरने व्हॉल्व्ह उघडला.’ मराठीत हे सहज चालतं. ‘वाशीच्या पुलावरून येताना फ्लेमिंगो दिसले’ म्हटलं, की पुलावर आपण आणि फ्लेमिंगो खाडीत, हे सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘क्रॉसिंग द ब्रिज, द फ्लेमिंगोज लुक्ड पिंक’ लिहा, पूल फ्लेमिंगोच ओलांडतात. आपली मुलं ही चूक करतात ती मराठी कान पक्का असल्यामुळे. शाळेत नुसती लाल रेघ मारण्याऐवजी हे सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

तरी अंदाजावर जबाब दुरुस्त करायचा नसतो. सेफ्टी ऑफिसरकडून नंबर घेऊन ऑपरेटरला फोन लावला.

“दादा, पंपापाशी कोण होतं?”

“मीच की, मॅडम. वाकून गळती बघत होतो. साहेबांना वाटलं, माझं झालं.”

सहकाऱ्याने सुचवलं, ‘व्हाइल चेकिंग द पंप’ शेवटी नेऊ. त्याने काहीच सुटत नव्हतं. तिथेही तपासणारा सुपरवायझरच राहतो. कर्ता आत घालणं हाच उपाय: ‘व्हाइल आय वॉज चेकिंग द पंप, द सुपरवायझर ओपन्ड द व्हॉल्व्ह.’ दोन शब्द वाढले आणि तो माणूस पंपापाशी, आपल्या कामावर उभा राहिला.

मग दोघांनी मिळून उरलेल्या पानांवरचं एकेक ‘-इंग’ तपासलं. असे आणखी तीन निघाले. फाइल गेली तेव्हा आठ वाजले होते.