कोणत्या रविवारची गाडी?

घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्या मॉडेल गाड्यांच्या कपाटासमोर उभा राहिला की एकच विचारतो, "चालते का?" लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासूबाईंनी विचारलं होतं. गॅस सिलिंडर आणणारा मुलगा अजूनही विचारतो, बहुधा आशेने. नाही चालत. इंजीन सगळं प्लास्टिकचं. चाकं तेवढी फिरतात, पण तीही मी शेवटी चिकटवूनच टाकते, नाहीतर कपाट पुसताना गाडी घरंगळते. मग "उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न येतो, आणि त्या वेळी मी चहा टाकायला आत जाते.

मला स्वतःला सतावणारा प्रश्न निराळा आहे. ही गाडी कोणत्या रविवारची?

आपल्या घरची गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत तीच असते. फार तर बंपरला पोचे वाढतात. शर्यतीच्या गाडीचं तसं नसतं. दोन शर्यतींच्या मधल्या दिवसांत नाक बदलतं, पंखाचा कोन बदलतो, आरशाची जागा सरकते, कुणीतरी जाहिरात देतं, कुणीतरी काढून घेतं. त्यामुळे "टिरेल पी३४ (फॉर्म्युला वनच्या शर्यतीतली गाडी) करतेय" हे वाक्य अर्धवट आहे. १९७६ ची करतेय की १९७७ ची? ७७ मध्ये तिच्या अंगावर एका बँकेचं नाव आलं आणि चालक जॉडी शेक्टरच्या जागी रॉनी पीटरसन आला. मी करतेय ती १३ जून १९७६ ची, स्वीडनमधल्या अँडर्सटॉर्पची. त्या रविवारी शेक्टर पहिला आला आणि त्याच्याच संघाचा पॅट्रिक डेपाये दुसरा. सहा चाकांच्या गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली ती तेवढी एकदाच.

हो, सहा चाकं. मागे दोन मोठी, पुढे चार छोटी. डेरेक गार्डनर या डिझायनरचा हिशोब असा होता की पुढची मोठी चाकं हवेत आडवी येतात, ती लहान केली तर नाकाच्या आडोशाला लपतील. पण लहान चाकाची पकड कमी, म्हणून दोनाऐवजी चार. हिशोब वाईट नव्हता. घोडं अडलं टायरपाशी. दहा इंची टायर फॉर्म्युला वनमध्ये या एकाच गाडीला लागायचे. बाकीच्यांचे टायर सुधारत गेले तसे हे सुधारले नाहीत. पुढे १९८३ च्या नियमांनी चाकं चारच असावीत असं ठरवून टाकलं आणि विषय संपला.

माझं मॉडेल खऱ्या गाडीच्या विसाव्या भागाएवढं, म्हणजे १/२०. आता हे दहा इंच १/२० मध्ये १२.७ मिलिमीटर होतात. असे चार रिम, प्रत्येकाला ब्रेक, प्रत्येकाला सस्पेन्शनच्या काड्या. किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात; तिच्यावरून तुकडा कापताना निपर (छोटी कात्री) अंगालगत लावला की प्लास्टिक पांढरं पडतं. म्हणून आधी लांबून कापायचा, मग उरलेला कोंब पात्याने तासायचा, मग पॉलिशपेपर. या कामाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते करायचं आणि एफएमवर जुनी गाणी लावायची.

रंजक भाग इंजिनापासून सुरू होतो. मागे तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं कॉसवर्थ डीएफव्ही. १९६७ मध्ये पहिल्याच शर्यतीत जिंकलेलं आणि नंतर एकूण १५५ शर्यती जिंकून बसलेलं. किटमध्ये त्याच्या स्पार्क प्लगच्या वायरी नसतात, त्या आपण घालायच्या. खरी वायर सात मिलिमीटर धरली तर आपल्याला ०.३५ लागते, म्हणजे २९ गेजची तांब्याची तार. ती मिळते नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात.

"ताई, किती किलो?"

मी हात पसरून वीतभर दाखवली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग टेबलाखालच्या भंगारातून एक तुकडा उचलून दिला आणि पैसे घेतले नाहीत. बारीक ड्रिल आणि चांगला चिमटा सराफ बाजाराच्या बाजूला, सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळतो. परदेशातून "मॉडेलचा" म्हणून मागवलेल्या चिमट्यापेक्षा तो शंभरपट बरा.

पी३४ ची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्या खिडक्या. पुढची चाकं इतकी छोटी की बसल्या जागेवरून चालकाला ती दिसेनात. म्हणून कॉकपिटच्या दोन्ही कुशींना पारदर्शक खिडक्या दिल्या. मॉडेलमध्ये त्या फेविक्विकने बसवायच्या नाहीत. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. साधं फेविकॉल घ्यायचं, टाचणीच्या टोकावर. वाळलं की दिसत नाही.

रंगाबद्दल एवढंच सांगते की पातळ मारा. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक लॅकर) मिळून पाव मिलिमीटर जाडी झाली तर खऱ्या गाडीवर तो पाच मिलिमीटरचा थर झाला. अंगावरच्या बारीक रेघा बुजून जातात.

मग डिकल, म्हणजे पाण्याने सुटणारी छापील चित्रं आणि अक्षरं. कोमट पाण्यात टाकायचं, अर्ध्या मिनिटाने कागदावरून सरकवायचं, वळणावर बसेना तर वरून ते मऊ करणारा सॉफ्टनर. आमच्या शेजारचे काका नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेत. डिकल पाण्यात पडताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खूश झाले, कारण लहानपणी पाकिटावरची तिकिटं ते अशीच सोडवायचे. दुसऱ्या दिवशी स्वतःचं भिंग घेऊन आले. "रजिस्टर हललंय," म्हणाले, म्हणजे छपाईतले रंग एकमेकांवर नीट बसले नव्हते. पिवळा काळ्याच्या बाहेर केसभर आलेला. मला तो तोवर दिसला नव्हता आणि आता दुसरं काही दिसत नाही.

काकांना एक शंका होती. १९८८ च्या मॅकलॅरेनच्या किटमध्ये लाल-पांढरा रंग आहे, मग त्यावरचं सिगारेटचं नाव कुठे गेलं? सोळापैकी पंधरा शर्यती जिंकलेली आयर्टन सेना आणि अलेन प्रॉस्टची गाडी, आणि अंग कोरं? हल्ली किटवाले सिगारेटची नावं छापत नाहीत. बरेच जण ती वेगळी मागवून चिकटवतात. मी नाही चिकटवत, आणि त्यामागे नैतिक वगैरे काही नाही. ज्या देशांत तंबाखूच्या जाहिरातींना बंदी होती तिथे खऱ्या गाड्याही नाव काढूनच धावायच्या. म्हणजे कोरी गाडी चुकीची नाही. तिचा रविवार निराळा, इतकंच.

आणि रविवार ठरला तरी वेळ ठरायची असते. सकाळची गाडी की शर्यतीनंतरची? म्युझियममधल्या गाडीवर माझा फारसा विश्वास नाही. ती इतकी चकचकीत असते की कुठल्याच रविवारची वाटत नाही. मळ कसा बसतो हे मला कळलं ते नाशकात रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा. कच्च्या रस्त्यावरून आलेल्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या. दारांच्या खालच्या अंगाला चिखल, चाकांमागे जाड, छपरावर नुसती धूळ, पुढच्या काचेवर वायपरने पुसलेला पंख्याच्या आकाराचा स्वच्छ तुकडा. मळालाही वारा आणि चाकं वळण लावतात. सगळीकडे सारखा तपकिरी फवारा मारला की गाडी मळलेली दिसत नाही, गंजलेली दिसते. अशी मॉडेलं फार बघायला मिळतात आणि त्यांना बक्षिसंही मिळतात, असो.

खरी माती वापरून बघावी असं कुणालाही वाटेल. निफाडकडची काळी माती आणली होती. पण वाळूचा कण पाव मिलिमीटरचा असला तरी १/२० मध्ये तो पाच मिलिमीटरची खडी होतो. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या, म्हणाल्या, "अगं, वस्त्रगाळ कर ना." उटण्याचं सामान त्या तसंच करतात. जुन्या मलमलच्या तुकड्यातून दोनदा गाळली. खडी गेली, बारीक धूळ उरली. तरी रॅलीच्या गाडीलाच शोभेल अशी. अँडर्सटॉर्प डांबरी, त्यातली लांब सरळ वाट तर विमानांची धावपट्टी. तिथे माती कुठून येणार? तिथे टायरचं रबर, ब्रेकची काळी भुकटी, एक्झॉस्टजवळचा तपकिरी डाग आणि नाकावर थोडे किडे. त्यासाठी चित्रकलेचा काळा खडू पॉलिशपेपरवर घासायचा आणि ती पूड कोरड्या ब्रशने लावायची. नव्या टायरवर साच्याची बारीक रेघ असते, ती घासता घासता टायर आपोआप वापरलेला दिसायला लागतो. शेक्टरच्या गाडीला मी एवढंच करणार आहे. किडे नाहीत. किडे केले की लोक बोटाने पुसायला जातात.

सध्या ती क्लिअरविना बसलीय. पावसाळ्यात लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि निळा रंग पांढरट पडतो. एप्रिल-मेमध्ये उलटं, रंग एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो. नाशकात या छंदाचा हंगाम दसरा ते होळी.

काकांनी पुढच्या गाडीची फर्माईश करून ठेवलीय. २००५ ची पिवळी जॉर्डन, नारायण कार्तिकेयनची. १९ जून, इंडियानापोलिस. टायरच्या भानगडीमुळे वीसपैकी चौदा गाड्या सुरुवातीलाच ट्रॅक सोडून आत गेल्या, सहाच धावल्या आणि कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. मी म्हटलं, काका, सहातला चौथा. ते म्हणाले, "चौथा तो चौथा. बाकीच्यांना कोणी आत जा म्हटलं होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिचं प्लास्टिकचं किट मला अजून कुठे मिळालेलं नाही, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं नाक घासून, कुशी भरून करावी लागणार. पिवळा रंग झाकत नाही, खाली पांढरा प्रायमर हवा. डिकल छापून घ्यावे लागतील. ते आले की आधी काकांच्या भिंगाखाली जातील, हे त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय.