150 पौंडांत न बसलेली उमेदवारी

दाभोळच्या आमच्या घरातील पेटाऱ्यात आजोबांच्या बोटीवरच्या नोकरीची पुस्तिका अजून आहे. आगवाला म्हणून ते भट्टीत कोळसा ओढू लागले आणि तेलवाला, म्हणजे यंत्रांना तेल घालणारा, म्हणून घरी परतले. केवळ आवाजावरून कोणत्या बेअरिंगला तेल कमी पडले आहे हे ओळखणारा हा माणूस इंजिनिअर का झाला नाही, असा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. इंजिनिअरच्या परवान्याच्या परीक्षेला बसण्यापूर्वी कारखान्यात काही वर्षे उमेदवारी, म्हणजे हाताखाली राहून काम शिकणे, केलेली असावी लागे, आणि आगवाल्याला अशी उमेदवारी कोण देणार होते?

कारखान्याचे हे दार परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनाही सहज उघडत नसे. हिंदुस्थान सरकारने व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीत, 1904 साली, परदेशी तांत्रिक शिक्षणासाठी वर्षाला 150 पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या होत्या. त्याच्याही आधी, 1892 पासून, जमशेटजी टाटांच्या निधीतून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ रक्कम मिळत असे. पैशांची सोय अपुरी असेल, पण ती मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. अडचण पुढे होती. 150 पौंडांत खोलीचे भाडे भागे, वर्गातही बसता येई. कारखान्याचे दार मात्र त्या रकमेने उघडत नसे. मुलाला उमेदवार म्हणून ठेवताना पालकांनी मालकाला रोख रक्कम मोजण्याची इंग्लंडातील जुनी रीत होतीच, आणि हिंदी मुलगा पुढे आला की ‘हा आमची विद्या शिकून उद्या आमच्याच मालाशी स्पर्धा करील’ ही धास्ती त्यात मिसळे. शेवटी या शिष्यवृत्त्यांची चौकशी करण्यासाठी सर थिओडोर मॉरिसन यांची समिती नेमावी लागली आणि 1913 मध्ये तिचा अहवाल आला.

मला यात सर्वांत खटकते ती व्यवहाराची बाजू. हिंदुस्थानातील रेल्वेसाठी लागणारी इंजिने ग्लासगोसारख्या शहरांतील कारखान्यांतून येत, म्हणजे ज्या कारखान्यांत आपली मुले नकोशी होती त्यांचे आपण मोठे गिऱ्हाईक होतो. (आमच्याकडे आंब्याचा दलालसुद्धा गिऱ्हाइकाच्या मुलाला चार दिवस पेढीवर बसू देतो.) माल घेताना हिंदी उमेदवारांना शिकवण्याची अट घालावी, ही सूचना 1920 च्या दशकात पुढे आली, परंतु तोवर शिष्यवृत्त्या सुरू होऊन दीड तपाहून अधिक काळ लोटला होता.

दार उघडले ते युद्धामुळे. 1941 मध्ये ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेखाली हिंदी कारागीर विलायतेला नेण्यात आले. त्यांचे शिक्षण इंग्लंडातील लेचवर्थसारख्या केंद्रांत आणि नंतर प्रत्यक्ष कारखान्यांत झाले. या वेळी निवड पदवीधरांची नव्हे तर यंत्रावर हात बसलेल्या कामगारांची होती, आणि नेणाऱ्यांनीच कारखान्यातील जागेचीही तजवीज केली होती. युद्धसामग्रीसाठी कुशल हात हवे होते, म्हणून काल अशक्य असलेली गोष्ट काही महिन्यांत शक्य झाली.

आजोबा त्या वर्षांत बोटीवरच होते. पुस्तिकेत बोटींची नावे बदलत गेली आहेत, बंदरांचे शिक्के बदलले आहेत, पण हुद्द्याच्या रकान्यात शेवटच्या पानापर्यंत तेलवाला हाच शब्द आहे.