उपकरणाची किंमत आणि ते चालवण्याचा खर्च

प्रयोगशाळेचे वार्षिक अंदाजपत्रक तयार करण्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे गेल्या वर्षीचे आकडे समोर घ्यायचे आणि प्रत्येकात थोडी वाढ करून नवा तक्ता वरच्या कार्यालयाकडे पाठवायचा. या पद्धतीत वेळ वाचतो, कोणाशी वाद होत नाही आणि तक्ता मंजूरही होतो. मात्र गेल्या वर्षी कमी पडलेली वस्तू यंदाही कमी पडते आणि गेल्या वर्षी उगाच भरून ठेवलेली वस्तू यंदा पुन्हा भरली जाते. माझ्या मते अंदाजपत्रकाची सुरुवात कामापासून करावी: वर्षभरात किती नमुने तपासायचे आहेत, कोणत्या पद्धतीने आणि किती वेळा. एवढे ठरले की रसायने, वायू, सुटे भाग आणि वीज यांचे आकडे साध्या गुणाकाराने मिळतात.

एचपीएलसी (द्रावकाच्या प्रवाहात मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) हे बहुतेक रासायनिक प्रयोगशाळांत असणारे उपकरण घेऊ. द्रावकाचा प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर धरला आणि यंत्र दिवसाला ८ तास चालले, तर रोज ४८० मिलिलिटर द्रावक लागतो. त्यात निम्मे अ‍ॅसिटोनायट्राइल असेल तर ते २४० मिलिलिटर होते आणि वर्षातून २५० दिवस काम चालले तर एका यंत्रामागे ६० लिटर. जितका द्रावक वापरला, जवळपास तितकाच टाकाऊ द्रावक जमा होतो आणि त्याची रीतसर विल्हेवाट लावण्याचेही पैसे द्यावे लागतात, ही बाब अंदाजपत्रकात अनेकदा नसतेच. याच यंत्राच्या अतिनील शोधकातील ड्यूटेरियम दिव्याचे आयुष्य साधारण २००० तासांचे मानले जाते, आणि २५० दिवस रोज ८ तास म्हणजे नेमके तेवढेच तास. म्हणजे दरवर्षी एक दिवा बदलावा लागणार हे यंत्र घेण्यापूर्वीच कागदावर काढता येते. पंपाची सील, गाळण्या, बाटल्या, त्यांची झाकणे आणि विश्लेषणाचे स्तंभ (ज्या नळीत घटक वेगळे होतात) यांचाही हिशेब असाच मांडता येतो. स्तंभाचे आयुष्य नमुना किती स्वच्छ करून दिला आहे यावर फार अवलंबून असल्यामुळे तो आकडा यंत्र प्रत्यक्ष चालवणाऱ्याला विचारूनच घ्यावा.

वायूंचा हिशेब याहून बोचरा निघतो. धातूंच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या आयसीपी-एमएस या यंत्रातील प्लाझ्माला (अतितप्त, विद्युतभारित वायूला) मिनिटाला १५ ते २० लिटर अरगॉन लागतो. पन्नास लिटरचे, २०० बार दाबाचे सिलिंडर घेतले तर त्यात सुमारे १०,००० लिटर वायू मावतो, म्हणजे एक सिलिंडर दहा तासांच्या आसपास संपते. नियमित काम असलेल्या प्रयोगशाळेला म्हणूनच द्रवरूप अरगॉनची टाकी परवडते. पण टाकीसाठी जागा, नळजोडणी आणि सुरक्षिततेची व्यवस्था हा भांडवली खर्च आहे, आणि तो उपकरणाच्या प्रस्तावात नसेल तर उपकरण आल्यावर त्यासाठी वेगळी मंजुरी मागत बसावे लागते. तीच गोष्ट उणे ८० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरची. जुन्या बांधणीचा असा एक फ्रीझर दिवसाला १५ ते २० युनिट वीज सहज घेतो. १६ युनिट धरले तरी वर्षाला ५,८४० युनिट होतात, शिवाय तो खोलीत सोडत असलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला लागणारी वीज वेगळीच. विजेचे बिल संस्था भरते, म्हणून प्रयोगशाळेला ते दिसत नाही आणि खरेदीच्या तुलनेत कमी किमतीचा, जास्त वीज खाणारा फ्रीझर जिंकतो. ज्या नमुन्यांना चालते त्यांच्यासाठी तापमान उणे ७० वर आणले तर वीजवापर साधारण पाव भागाने घटतो, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.

पुरवठ्याची साखळी तुटते तेव्हा या गुणाकारांचा खरा उपयोग कळतो. अ‍ॅसिटोनायट्राइल स्वतंत्रपणे फारसे बनवले जात नाही. ते अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या निर्मितीत जोडउत्पादन म्हणून मिळते, आणि हे दुसरे रसायन प्लॅस्टिकचा कच्चा माल आहे. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदीमुळे मोटारी आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंची मागणी घसरली, अ‍ॅक्रिलोनायट्राइलचे कारखाने मंदावले, त्यापूर्वीच बीजिंग ऑलिम्पिकच्या काळातील निर्बंधांनी आणि टेक्सासमधील चक्रीवादळाने पुरवठ्याला धक्का दिला होता, आणि या सगळ्याचा परिणाम म्हणून २००९ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळांना हा द्रावक मिळेनासा झाला. मोटारींची विक्री आणि औषधाच्या गोळीची शुद्धता तपासणे यांचा संबंध असू शकतो हे त्यापूर्वी किती खरेदी विभागांच्या ध्यानात आले असेल? २०२० मध्ये हीच पाळी पिपेटच्या गाळणीयुक्त टिप्सवर आली. अशा वेळी ज्यांना आपला महिन्याचा वापर नेमका ठाऊक होता आणि ज्यांनी पर्यायी पद्धत आधीच पडताळून ठेवली होती, उदाहरणार्थ काही कामांसाठी मिथेनॉल, त्यांचे काम इतरांपेक्षा कमी अडले.

म्हणून सगळेच वर्षभराचे भरून ठेवावे, असा याचा अर्थ नाही. डायएथिल इथरसारख्या द्रावकात साठवणीत स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, त्यामुळे ते लहान बाटल्यांतून, उघडल्याची तारीख लिहून आणि ठरावीक मुदतीत संपेल एवढेच घ्यावे. विकरे (एन्झाइम) आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडी) यांना मुदत असते, आणि प्रतिपिंडांच्या दोन खेपांत फरकही असतो. पेशीसंवर्धनासाठी वासराचे सीरम घेणाऱ्या प्रयोगशाळांनी यावर चांगली रीत बसवली आहे: पुरवठादाराकडून वेगवेगळ्या खेपांचे छोटे नमुने मागवायचे, आपल्याच पेशी त्यांत वाढवून पाहायच्या, जी खेप उत्तम ठरेल तिचा वर्षभराचा साठा राखून ठेवायला सांगायचे आणि तो पुरवठादाराच्याच शीतगृहातून हप्त्याहप्त्याने उचलायचा. दर एकदाच ठरतो, आपले फ्रीझर भरत नाहीत आणि प्रयोगाच्या मध्यावर खेप बदलत नाही. खरेदीच्या नियमांत अशा मागणीला जागा करून द्यावी लागते, कारण सर्वांत कमी दर हा एकच निकष तिथे लावता येत नाही.

आता प्रत्यक्ष उपकरणाची खरेदी. माझ्या अनुभवात या सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत घाईने लिहिला जाणारा कागद म्हणजे तांत्रिक तपशील. एखाद्या कंपनीचे माहितीपत्रक समोर ठेवून त्यातील आकडे उतरवले की तपशील तासाभरात तयार होतो. पण त्यामुळे इतर सर्व निविदाकार एखाद्या निरर्थक आकड्यावर बाद होतात, त्यांपैकी कोणी तरी आक्षेप घेतो आणि प्रकरण महिनोन्महिने रेंगाळते. तपशील गरजेच्या भाषेत लिहावा. शोधकाची संवेदनशीलता अमुक असावी असे लिहिण्यापेक्षा अमुक पदार्थ अमुक द्रवात इतक्या सूक्ष्म प्रमाणात, इतक्या पुनरावृत्तींत, इतक्या फरकाच्या आत मोजता आला पाहिजे, असे लिहिले तर तो निकष कोणत्याही कंपनीला लागू होतो आणि यंत्र आल्यावर त्याच ओळीवर बोट ठेवून चाचणी घेता येते. प्रत्येक अटीपुढे ती अनिवार्य आहे की असल्यास बरी, हेही नोंदवावे, नाहीतर मूल्यमापन समितीला प्रत्येक अट सारखीच वजनदार वाटते. तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे वेगळे मागवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती योग्यच आहे, परंतु तांत्रिक लिफाफा उघडल्यावर नुसते रकाने तपासून थांबू नये. आपले खरे, अस्वच्छ, त्रासदायक नमुने पाठवून त्यांवर प्रात्यक्षिक मागावे. कंपनीच्या स्वतःच्या प्रमाण द्रावणावर कोणतेही यंत्र देखणेच दिसते.

दरांची तुलना करताना एकाच पायावर आणलेले दर घ्यावेत, हे सांगायला सोपे आणि करायला किचकट आहे. एका दरपत्रकात किंमत विक्रेत्याच्या दारातली असते, दुसऱ्यात आपल्या दारापर्यंतची. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या इन्कोटर्म्स २०२० या व्यापारी अटींच्या संचानुसार डीएपी अटीवर माल दारापर्यंत येतो, पण आयात शुल्क आणि उतरवून घेण्याची जबाबदारी ग्राहकाची राहते. डीडीपीमध्ये शुल्कही विक्रेता भरतो. वाहतुकीचा विमा विक्रेत्याकडे असतानाही सीआयपी आणि सीआयएफ या दोन अटींत फरक आहे: पहिल्यात, वेगळे ठरले नसल्यास, व्यापक संरक्षण अपेक्षित आहे, दुसऱ्यात किमान. नाजूक प्रकाशीय उपकरण मागवताना हा अक्षरांचा फरक फार महाग पडू शकतो.

वॉरंटीचा काळ कधीपासून मोजायचा हाही असाच मुद्दा आहे. यंत्र पाठवल्याच्या तारखेपासून तो मोजला आणि खोलीतील तीन-फेज वीजजोडणी, जमिनीची भारक्षमता किंवा दाराची रुंदी यांपैकी काही अपुरे निघाले, तर पेटी न उघडताच मुदत वाहू लागते. म्हणून ती स्थापना आणि स्वीकृती चाचणी पूर्ण झाल्यापासून मोजली जावी, आणि शेवटचा हप्ता त्याच चाचणीशी जोडावा. मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीप्रमाणे उपकरणे आणि बाहेरून घेतलेली उत्पादने व सेवा यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, त्यामुळे कॅलिब्रेशनचा (मोजमाप अचूक आहे का हे तपासण्याचा) वार्षिक खर्च तर टाळता येतच नाही.

वॉरंटी संपल्यानंतरचा देखभाल करार वर्षाला खरेदीकिमतीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास जातो. दहा वर्षे वापरायच्या यंत्राबाबत ही रक्कम मूळ किमतीशी बरोबरी करू लागते. त्यामुळे या कराराचा पुढील काही वर्षांचा दर निविदेतच, स्पर्धा जिवंत असताना, बांधून घ्यावा. यंत्र बसल्यानंतर विक्रेता एकटाच उरतो. यंत्र फुकट आणि अभिकर्मके (चाचणीची रसायने) कराराने, असा प्रस्ताव वैद्यकीय प्रयोगशाळांना नेहमी येतो. तो वाईटच असतो असे नाही, परंतु करारात किमान खरेदीची अट असते, आणि चाचण्या अपेक्षेपेक्षा कमी झाल्या तर प्रत्येक चाचणीचा खरा दर भलताच चढतो.

उपकरणाला जोडलेल्या संगणकाकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. विंडोज एक्सपीचा आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा) एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. यंत्रे मात्र पंधरा-वीस वर्षे चांगली चालतात. नियंत्रक सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालणार की नाही आणि त्याच्या सुधारित आवृत्तीचे पैसे कोण देणार, हे लेखी घेतले नाही तर उत्तम स्थितीतले यंत्र नेटवर्कपासून तोडून ठेवावे लागते.

वर्षअखेरीस निधी परत जाईल या भीतीने होणारी खरेदी सर्वत्र चालते. तिच्यावर उपाय म्हणून तपशील तयार असलेल्या आणि जागा निश्चित झालेल्या उपकरणांची मंजूर यादी आधीच जवळ ठेवावी, म्हणजे उरलेला पैसा निदान हव्या असलेल्या वस्तूवर जातो.

आणि प्रत्येक नव्या यंत्राच्या प्रस्तावात जुन्या यंत्राच्या निरोपाचीही तरतूद असावी. फ्रीझरमधील शीतकारक वायू काढून घ्यावा लागतो, जैविक कामाच्या कपाटांचे निर्जंतुकीकरण करून तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. जुन्या वायू क्रोमॅटोग्राफमध्ये (वायूच्या प्रवाहात घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) इलेक्ट्रॉन कॅप्चर शोधक असेल तर त्यात बहुधा निकेल-६३ हा किरणोत्सारी स्रोत असतो, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे शंभर वर्षांचे असल्यामुळे ते यंत्र भंगारात देता येत नाही; स्रोत काढून परवानाधारकाकडे सोपवल्याची पावती मिळेपर्यंत ते नोंदवहीतून वगळताही येत नाही.