रोतेमच्या झुडपाखाली, बैर-शेबाच्या पुढे

आठ दिवसांच्या पवित्र भूमीच्या टूरमध्ये जेरुसलेम, बेथलेहेम, नासरेथ, गालील, मृत समुद्र सगळं झालं आणि त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. फोटो भरपूर आहेत. पण बसमधून उतरा, वीस मिनिटं बघा, टाळी वाजली की परत चढा, असं असेल तर मनात काही उतरत नाही. जेरुसलेममध्ये येशूच्या कबरेच्या चर्चमध्ये दोन तास रांगेत उभी राहिले, आत गेल्यावर डोळे मिटायच्या आत मागून ढकलाढकली सुरू. खूप वाईट वाटलं, कारण आयुष्यभर ज्या जागेचं नाव प्रार्थनेत घेतलं तिथे मला एक वाक्य मनात म्हणता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी टूरवाल्यांना विचारलं की इस्राएलच्या दक्षिणेला बैर-शेबा गाव आहे, त्याच्या पुढच्या वाळवंटात नेणार का, तर म्हणाले, मॅडम तिकडे काय आहे, नुसती झुडपं. मला ती झुडपंच बघायची होती! म्हणून टूर संपल्यावर ग्रुप विमानतळाकडे गेला आणि मी आणि नवरा तीन दिवस मागे राहिलो. 2020 चा फेब्रुवारी होता, कोविड अजून बातम्यांमध्ये लांब कुठेतरी होता.

कारण सांगते. आम्ही नगरचे, आणि मी चर्चमध्ये अकरा वर्षं संडे स्कूल शिकवलंय. बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19 वा अध्याय मी मुलांना किती वेळा सांगितला असेल. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा, ईजबेल राणीने ठार मारायची धमकी दिल्यावर पळत सुटतो, बैर-शेबाला येतो, चाकराला तिथेच ठेवतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून जातो आणि एका झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. मी मुलांना सांगायचे, बघा, एलीयासुद्धा घाबरला, तुम्ही मात्र घाबरायचं नाही, विश्वास ठेवायचा. आमच्याकडे भिंतीवर लावायचा तक्ता होता, त्यात एलीया एका दाट, वडासारख्या झाडाच्या गार सावलीत झोपलेला दाखवलाय.

मग आई आजारी पडली. चार वर्षं अंथरुणावर होती, मी एकटी मुलगी, आणि शेवटच्या वर्षी मी रोज रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायचे. भेटायला येणारे सांगायचे, प्रार्थना कर, विश्वास कमी पडू देऊ नको. वाईट बोलायचे नाहीत कुणी, पण तेच वाक्य माझं होतं ना, मीच ते इतकी वर्षं मुलांना शिकवत होते, आणि आता ते ऐकलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. फक्त शेजारच्या एक बाई यायच्या, काही बोलायच्या नाहीत, भाजी-भाकरी ठेवून मला म्हणायच्या तू जरा पड, मी बसते आईपाशी. आई गेल्यावर मी तो अध्याय परत वाचला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की देवदूत एलीयाला एक शब्दही रागावत नाही. त्याला झोपू देतो, हात लावून उठवतो, ऊठ, खा म्हणतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. एलीया खातो आणि परत झोपतो, तरी काही बोलणं नाही. दुसऱ्यांदा उठवून परत खायला घालतो आणि म्हणतो, तुला लांबची वाट आहे.

तेव्हापासून ते झुडूप बघायचं डोक्यात होतं. हिब्रूत त्याला रोतेम म्हणतात. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये तिथे जुनिपर लिहिलंय, ते चुकीचं आहे, रोतेम म्हणजे वाळवंटातलं पांढऱ्या फुलांचं, खराट्यासारख्या काड्यांचं झुडूप.

बैर-शेबात एक दिवस काढला. गावाबाहेर जुन्या नगराचे अवशेष आहेत, 69 मीटर खोल विहीर आहे, आणि अब्राहामाने बैर-शेबात एशेल (झाऊ) झाड लावलं असं उत्पत्तीच्या 21 व्या अध्यायात आहे त्याची आठवण म्हणून एशेलची झाडं दाखवतात. तलमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात की एशेल म्हणजे झाड नव्हेच, ती अब्राहामाची धर्मशाळा, आणि नंतरचे भाष्यकार सांगतात की त्या शब्दाची तीन अक्षरं म्हणजे खाणं, पिणं आणि मुक्काम. हे मला फार आवडलं, पण जीव रोतेममध्ये अडकलेला होता.

9 फेब्रुवारीच्या संध्याकाळी बसने दिमोनाला गेलो, पस्तीसेक किलोमीटर. तिथे नवऱ्याच्या ठाण्याच्या मित्राची आत्या राहते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळच्या रेवदंड्याच्या, साठच्या दशकात इकडे आलेल्या. दार उघडलं आणि "या या, बसमध्ये थंडी वाजली का गं बाय?" असं अस्सल कोकणी मराठी कानावर पडलं, आठ दिवसांनी! टूरमध्ये सगळे मराठीच होतो तरी मला आठ दिवसांनी असंच वाटलं. हॉलमधल्या कपाटात 'मायबोली' या इस्राएलमध्ये निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक होते, स्वयंपाकघरातून नारळ आणि वेलचीचा वास येत होता.

त्या दिवशी तू बिश्वात सुरू होत होता, म्हणजे ज्यूंचं झाडांचं नवं वर्ष, आणि बेने इस्राएल लोकांचा तो एलियाहू हन्नबीचा दिवस. एलियाहू हन्नबी म्हणजे आपला एलीयाच. आत्यांनी मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, सुकामेवा, वर फळं रचलेली. शेजारपाजारचे आठ-दहा जण जमले, एलियाहू हन्नबीचं गाणं झालं, आशीर्वाद म्हणून एकेक फळ हातात दिलं. आत्या सांगत होत्या, "आमच्या अलिबागजवळ खंडाळं गाव आहे ना, तिथल्या खडकावर एलियाहू हन्नबीचा रथ टेकलेला. लहानपणी या दिवशी बैलगाडीतून जायचो आम्ही." मी म्हटलं आत्या, मी इतकी लांब एलीयाचं झाड बघायला आलेय आणि तुम्ही तर त्याला रायगड जिल्ह्यातच भेटलेल्या. "तो कुठेपण येतो गं, बोलावणारा पाहिजे," म्हणाल्या.

जेवताना मी आत्यांना आईबद्दल सांगितलं. एरवी मी कुणाला सांगत नाही. त्यांच्या नातवाने मोबाईलवर तो अध्याय हिब्रूत काढला आणि हळूहळू वाचला. एलीया म्हणतो ते हिब्रूत "रव अत्ता" असं आहे, रव म्हणजे खूप झालं, आणि अत्ता म्हणजे आत्ता! मी दचकलेच. दोन भाषांचा तसा काही संबंध नाही हे कळतं मला, पण इतक्या जुन्या हिब्रू वाक्यात एक थकलेला माणूस "बस, आत्ता" म्हणतोय हे मराठी कानाला जसं लागतं तसं दुसऱ्या कुणाला लागत असेल असं वाटत नाही. आणि पुढे देवदूत म्हणतो वाट तुला झेपणार नाही इतकी मोठी आहे, तिथे परत तोच शब्द आहे, रव. एलीया म्हणतो मला खूप झालं आणि देवदूत म्हणतो हो, खूप आहेच. कबूल करतो तो! मला त्या चार वर्षांत एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी रडले तिथे, आत्यांनी पाठीवर हात ठेवला आणि ताटात आमटी वाढली.

सकाळी निघताना डबा हातात ठेवला, तांदळाच्या भाकऱ्या आणि बटाट्याची भाजी. "घे, वाटेत खा, लांब जायचंय तुम्हाला." सहज म्हणाल्या, आपल्याकडे कोणीही म्हणेल तसं. मी मात्र गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलू शकले नाही.

नातू आम्हाला ममशितकडे घेऊन गेला. नबाती या प्राचीन अरब लोकांचं जुनं व्यापारी गाव आहे ते, नंतर तिथे ख्रिस्ती वस्ती झाली, दोन चर्चेसचे अवशेष आहेत, एकाची मोझॅकची जमीन फार सुंदर आहे. पण मी अवशेष भराभर बघितले, कारण खालच्या कोरड्या ओढ्यात लांबूनच पांढरं काहीतरी दिसत होतं.

रोतेम. फुलला होता तो! माणसापेक्षा जरा उंच, पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या हिरव्या बारीक काड्या, आणि त्या काड्यांना वाटाण्याच्या फुलासारखी पण अगदी छोटी पांढरी फुलं, देठाशी जांभळट, अंगभर. मधासारखा वास, मधमाश्या. पाणी वाचवायला पानं झटकून टाकतो आणि काड्यांनीच अन्न तयार करतो, मुळं खोलवर जातात. मी खाली बसले आणि वर बघितलं. सावली अशी नाहीच. चाळणीतून पडावं तसं ऊन अंगावर, थोडी काळी रेघ, थोडं ऊन, परत रेघ.

तक्त्यातलं ते दाट झाड आठवलं आणि मनापासून राग आला. दाट सावलीत झोपलेला एलीया दाखवला की गोष्टच बदलते, वाटतं बरी जागा शोधली होती त्याने. इथे बसल्यावर कळतं की त्याने जागा शोधलेलीच नव्हती, पाय थांबले तिथे पडला. हिब्रूत "एक रोतेम" असं लिहिलंय म्हणे, एकच, एकटं.

याच बैर-शेबाच्या रानात अब्राहामाच्या घरातली दासी हागार पण भटकली होती, पाणी संपल्यावर पोराला एका झुडपाखाली टाकून, त्याचं मरण बघवत नाही म्हणून लांब जाऊन बसली होती. ते झुडूप कोणतं हे बायबल सांगत नाही, पण मिद्राश या ज्यूंच्या बायबलवरच्या जुन्या भाष्यात रब्बी मेईर म्हणतात ते रोतेमच, वाळवंटात तोच उगवतो. म्हणजे घरातून हाकललेली दासी आणि मरण मागणारा संदेष्टा दोघंही एकाच जातीच्या झुडपाशी, आणि दोघांकडेही देवदूत येतो तो पाणी घेऊन किंवा पाणी दाखवायला. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात तर हाकललेले उपाशी लोक रोतेमची मुळं खातात असं आहे, काही अभ्यासक म्हणतात खात नाहीत, जाळून शेकतात, कारण हिब्रू शब्द दोन्ही अर्थाने वाचता येतो. शेक घेणंच खरं असावं असं मला वाटतं, कारण रोतेमचे निखारे प्रसिद्ध आहेत. 120 व्या स्तोत्रात खोट्या जिभेला शिक्षा म्हणून तेच निखारे सांगितलेत, वरून विझल्यासारखे दिसतात आणि आत जळत राहतात. तलमूदात एक प्रवासी सांगतो की बारा महिन्यांनी परत आलो तरी आमच्या शेकोटीचे निखारे जिवंत होते, आणि त्यावर उत्तर असं की ते रोतेमचे होते. मग एलीयाची भाकर ज्यावर भाजली ते निखारे दुसऱ्या कशाचे असणार, त्या रानात दुसरं जाळायला काय होतं?

टूरमध्ये वसईच्या एक काकू होत्या, कॅथलिक, त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांच्या मिस्सामध्ये दर तीन वर्षांनी ऑगस्टमध्ये हाच उतारा वाचतात आणि त्याच दिवशी योहानाच्या सहाव्या अध्यायातली जीवनाची भाकर. बेल्जियममधल्या लूव्हनच्या चर्चमध्ये डीरिक बाउट्स या चित्रकाराने 1464 ते 1468 मध्ये काढलेलं शेवटच्या भोजनाचं मोठं चित्र आहे, त्याच्या एका बाजूच्या फळीवर पण झोपलेला एलीया आणि त्याला उठवणारा देवदूत आहे. आमच्या चर्चमध्ये मी इतकी वर्षं प्रभुभोजन घेतलं, भाकर हातात घेतली, पण हे झुडूप तिथपर्यंत पोचतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नातवाला विचारलं तुझ्या मुलीचं नाव काय. "रोतेम," म्हणाला, इकडे पुष्कळ मुलींचं असतं, मुलांचंही.

मग मी आडवी झाले. झोपायचं ठरवलं नव्हतं, पण चांगली झोप लागली, अर्धा तास तरी, दगडांवर, त्या रेघारेघांच्या सावलीत, आई गेल्यापासून दिवसाढवळ्या मला अशी झोप आलेली नव्हती. जाग आली तेव्हा नवऱ्याने डबा उघडून ठेवला होता. भाकरी गार झाली होती, कडा जरा कडक, आम्ही तिघांनी ती अशीच हाताने तोडून खाल्ली, केसांत फुलं पडत होती.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून बॅगेत नगरहून आणलेल्या बाजरीच्या खारोड्या होत्या त्या भरल्या. आत्यांनी झाकण उघडून एक तोंडात टाकली. "हे काय गं? कोकणात नव्हतं असलं काही," म्हणाल्या, आणि मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून खारोड्या कशा घालतात ते सांगत बसले.