गॅदरिंगचा बिनदुधाचा चहा

जानेवारी लागला की अंबाजोगाईजवळच्या आमच्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द फक्त पत्रिकेवर. नाच, नाटुकली, फिशपॉन्ड सगळ्याच शाळांत असतात. आमच्याकडं त्याशिवाय ‘जुनं घर’ असायचं. आठवीच्या वर्गातले बाक बाहेर काढून चित्रकलेच्या बाई तिथं गावातल्या घराघरांतून मागून आणलेल्या वस्तू मांडायच्या. जातं, कंदील, लाकडी पाट, धान्य मोजायची पायली, कडी तुटलेली पत्र्याची पेटी. त्या सजवायला लागणारे कागद चहा लावून जुने दिसतील असे करायचं काम आमच्या वर्गाकडं असायचं, आणि ते आम्ही जीव लावून करायचो.

चित्रं ठरलेली: वेरूळचं कैलास लेणं, अजिंठ्याचा पद्मपाणी, पैठणीवरचा मोर, मोडीतला एखादा कागद. सगळ्या झेरॉक्सच. एका वर्षी कुणीतरी घरच्या प्रिंटरवर रंगीत चित्रं काढून आणली आणि चहा लागताच मोराची शाई ओघळून खाली उतरली. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेनं कागदावर वितळून बसलेली असते, ती पाण्याला दाद देत नाही.

चहा मात्र कोरा लागतो. आम्ही पहिल्या वर्षी शिक्षकांच्या खोलीतला उरलेला गोड चहाच वापरला, तर सकाळी पद्मपाणीवर मुंग्यांची रांग! मग बाईंनी पातेल्यात मूठभर पत्ती टाकून पाणी काळंभोर होईपर्यंत उकळायला शिकवलं. कागद आधी चुरगाळून सरळ करायचा, गार झालेल्या चहात कापसाचा बोळा बुडवून हलक्या हातानं टिपायचं. चुरगळ्यांच्या रेघांत रंग जास्त मुरतो, तिथंच कागदाला वय येतं. एकदा चहा लोखंडी कढईत उकळला, तर कागद तपकिरी व्हायच्या ऐवजी राखाडी झाले. बाई म्हणाल्या, चहातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळपट रंग येतो. पूर्वी हिरडा आणि लोखंड घेऊन शाई अशीच करत. ते राखाडी कागद मी मुद्दाम वेगळे ठेवले होते.

वाळल्यावर इस्त्री, मग गव्हाच्या पिठाची खळ लावून पेटीच्या झाकणावर, पाटाच्या कडेला चिकटवायचे.

एका वर्षी बाईंनी मोठ्या अक्षरात एक कागद लिहून घेतला: ‘१७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थान मुक्त’. त्याखाली आमच्या अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव, मोमिनाबाद, आणि तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक राहिलेल्या, पुढं या मुक्तिलढ्याचे नेते झालेल्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव. त्याचीही झेरॉक्स काढून चहात माखून पेटीवर लावली. गॅदरिंगच्या दिवशी गावातले एक आजोबा त्या पेटीपाशी थांबले. कागदावरून बोट फिरवत म्हणाले, “बाई, हे कुणाच्या घरचं हो?”

“आप्पा, पोरांनी केलंय. चहा लावून.”

आजोबा मान हलवत तिथंच पाटावर टेकले. “निजामाच्या रझाकाराच्या भ्यानं आमी ज्वारीत झोपायचो,” असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. बाहेर स्टेजवरून आमच्या वर्गाच्या नाचाचं नाव दोनदा पुकारलं गेलं. आमच्यातलं कुणीच उठलं नाही.